‘खोलीचे दार लावून प्रार्थना कर’: मग मंडळी (चर्च) कशाला?

‘येशूनेच एकांतात प्रार्थना करायला सांगितले, म्हणून चर्चमध्ये जायची गरज नाही’ हा संदेश वर्षानुवर्षे फिरतो आहे. वचन खरे आहे: बायबलमधील मत्तय 6:6 (मत्तयाचे शुभवर्तमान, अध्याय 6, वचन 6). पण त्याच्या आधीचे वचन वाचा. तिथे चौकात उभे राहून लोकांना दिसावे म्हणून प्रार्थना करणाऱ्यांबद्दल ताकीद आहे. विषय दिखाव्याचा आहे, सोबतीचा नाही.

तीनच वचने पुढे, 6:9 मध्ये, येशू प्रार्थना शिकवतो. तिची सुरुवात ‘हे आमच्या स्वर्गातील पित्या’ अशी होते. भाकरही ‘आम्हास’ मागितली आहे. मला हे अनेकवचन फार मोलाचे वाटते. एकट्या खोलीतही शेजाऱ्याची भूक त्या प्रार्थनेत असते.

लूक 4:16 पाहा: शब्बाथ दिवशी (यहुद्यांच्या विसाव्याच्या दिवशी) सभास्थानात, म्हणजे त्यांच्या प्रार्थनागृहात, जाणे हा येशूचा परिपाठ होता. बायबलमधील इब्री लोकांस पत्र (इब्री 10:25) तर एकत्र मिळणे सोडू नका, असे स्पष्ट सांगते.

चर्चसाठीचा बायबलमधील मूळ ग्रीक शब्द ‘एक्लेसिया’ म्हणजे जमलेली माणसे, इमारत नव्हे. सुरुवातीचे विश्वासी घराघरांत जमत. मराठी बायबलने त्यासाठी ‘मंडळी’ हा किती नेमका शब्द निवडला! आणि ‘एकमेकांची ओझी वाहा’ (गलती 6:2) ही आज्ञा एकट्याने पाळायची कशी?