सही पेन्सिलीची, ठिपके ऑफसेटचे

शेजारच्या वहिनींनी वाशीच्या एका प्रदर्शनातून चित्र आणलं. खाली डावीकडे पेन्सिलीने 14/200, उजवीकडे चित्रकाराची सही. "ओरिजिनल प्रिंट आहे भावजी, स्वस्तात नाही मिळालं," म्हणाल्या. फ्रेम अजून व्हायची होती. माझी उमेदीची वर्षं वागळे इस्टेटमधल्या ऑफसेट मशीनवर गेली, त्यामुळे लूप, म्हणजे छपाईचे ठिपके बघायचं छोटं भिंग, अजून खिशात असते. आकाशाच्या निळ्यावर टेकवली, तर आत सगळी ओळखीची मंडळी! सायन, मॅजेंटा, यलो, ब्लॅकचे ठिपके, आपापल्या अँगलला, फुलासारखा गोल करून बसलेले. हीच फुलं मी जन्मभर कॅलेंडरांवर आणि औषधांच्या खोक्यांवर बघत आलो.

वहिनींना दोष देता येत नाही. 'प्रिंट' म्हणताना आपण दोन निराळ्या वस्तूंना एकाच नावाने हाक मारतो. एक मुद्राचित्र आणि दुसरी चित्राची छापील प्रत.

वहिनींकडे आलेली ती प्रत. कुठेतरी रंगवलेलं मूळ चित्र आहे, त्याचा स्कॅन झाला, चार रंगांत फोड झाली आणि मशीनने दोनशे कागद काढले. मुद्राचित्राला असं मागे उभं असलेलं मूळ नसतंच. एचिंग घ्या. तांब्याच्या किंवा जस्ताच्या पत्र्यावर मेणाचा लेप देऊन चित्रकार सुईने रेघा ओढतो. लेप खरवडला तिथे पत्रा उघडा पडतो आणि आम्लात टाकला की तेवढाच खातो. जास्त वेळ ठेवला तर रेघ खोल जाते आणि छापल्यावर जास्त काळी उमटते. मग पत्र्यावर शाई चोळायची, कापडाने वरची पुसून घ्यायची (चरातली तेवढी राहिली पाहिजे, हात इथेच तयार लागतो), भिजवलेला कागद ठेवून जाड लोकर घालायची आणि दोन रुळांमधून दाबून काढायचं. कागद उचलल्यावर दिसतं ते चित्र, उलटं. पहिल्यांदाच जन्माला आलेलं.

अशा कागदावर हलकं बोट फिरवलं तर रेघ किंचित उठलेली लागते आणि कडेने पत्र्याचा चौकोन दबलेला असतो. अर्थात कोरा चौकोन दाबून ही खूण नकली करणारेही आहेत, म्हणून नुसत्या चौकोनावर जाऊ नये.

नंदलाल बोसांचं काठी घेऊन निघालेल्या गांधीजींचं चित्र सगळ्यांनी पाहिलंय. 1930 सालचं ते लिनोकट, म्हणजे फरशीवर अंथरायच्या लिनोलियमवर कोरलेलं. त्याचं 'खरं पेंटिंग' शोधायला गेलात तर हाती काही लागणार नाही. पाठ्यपुस्तकातलं मात्र त्या लिनोकटचं ऑफसेट पुनर्मुद्रण असतं.

आता गंमत अशी की माझं ऑफसेट मशीन ह्याच घराण्यातलं. म्युनिकमध्ये सेनेफेल्डर नावाच्या माणसाने 1790 च्या दशकाच्या शेवटी शिळाछाप, म्हणजे लिथोग्राफी, शोधली. चुनखडीच्या दगडावर तेलकट खडूने काढायचं, दगड ओला करायचा, शाई फक्त तेलकट जागी बसते. आपल्याकडे गणपत कृष्णाजींनी 1831 साली पंचांग छापलं ते ह्याच शिळाप्रेसवर. ऑफसेटलाही तेल-पाण्याचं तेच वैर लागतं, फक्त दगडाच्या जागी ॲल्युमिनियमची प्लेट आणि मधे रबराचं ब्लँकेट. पाण्याचा रोलर जरा कमी सुटला की सगळा कागद काळवंडतो, हे मी किती रात्री भोगलंय! म्हणून 'मशीनचं ते प्रत, हातचं ते मुद्राचित्र' ही ओळख मला पटत नाही. चित्रकाराने स्वतः दगडावर किंवा प्लेटवरच चित्र घडवलं, तर तो लिथोग्राफ मुद्राचित्रच.

ह्या भेदाला सगळ्यात जास्त गोंधळात टाकतात रविवर्मांच्या ओलिओग्राफ, म्हणजे त्यांच्या तैलचित्रांच्या रंगीत छापील तसबिरी. 1894 मध्ये मुंबईत प्रेस निघाला, नंतर लोणावळ्याजवळ मळवलीला गेला. छपाई दगडावरचीच, एकेका रंगाला वेगळा दगड, दगडावरचे ठिपकेही कारागिरांनी हाताने दिलेले. लूपखाली त्यात फुलं दिसत नाहीत, लहानमोठे, वेडेवाकडे ठिपके दिसतात. तंत्राने शिळाछाप, पण चित्र आधी तैलरंगात जन्मलेलं, म्हणून ती प्रतच. अशी प्रत मला कुणी दिली तर मी दिवाणखान्यात लावीन, ते वेगळं.

राहिला आकडा. 14/200 म्हणजे दोनशेंपैकी चौदावा कागद. पेन्सिलीने सही करायची रीत रुळली ती एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस. सतराव्या शतकातल्या रेम्ब्रां ह्या डच चित्रकाराच्या पत्र्यांवरून तर तो गेल्यावरही कितीतरी वर्षं कागद निघत राहिले. पत्रा झिजतो, म्हणून मुद्राचित्रात संख्येला अर्थ असतो. ड्रायपॉइंटमध्ये (त्यात आम्ल नसतं, सुईनेच पत्रा ओरखडतात) रेघेच्या कडेला उठलेली धातूची किनार तर थोड्याच छापांत दबून जाते. स्कॅन झिजत नाही. तिथे दोनशे हा आकडा विकणाऱ्याने ठरवलेला.

वहिनींना हे सगळं सांगितलं. त्यांनी चित्र पुन्हा उजेडात धरलं. "आकाश छान आहे ना पण?" छान होतंच. रजिस्ट्रेशन, म्हणजे चारी रंगांचं एकमेकांवर नेमकं बसणं, एका केसाने हललेलं नव्हतं, हे मी त्यांना सांगितलं आणि खिळा ठोकायला हातोडी आणायला गेलो.