आयडी मॅपिंग (वापरकर्ता-ओळख जुळवणी)

एकाच नेटवर्कवर विंडोज, लिनक्स, मॅकओएस अशा वेगवेगळ्या ऑपरेटिंग सिस्टिम असतील, तर एका सिस्टिमवरचे खाते दुसरीवर कोणाचे समजायचे हे ठरवण्याच्या पद्धतीला आयडी मॅपिंग म्हणतात. हा प्रश्न मुख्यतः सामायिक फाइलींपाशी उभा राहतो: लिनक्स सर्व्हरवरची फाइल विंडोजच्या वापरकर्त्याने उघडली, तर तिच्यावर त्याचा हक्क किती?

फाइलीला माणसाचे नाव ठाऊक नसते, इथून सगळे सुरू होते. युनिक्स परंपरेत फाइलीसोबत मालकाचा यूआयडी आणि गटाचा जीआयडी असे दोन नुसते आकडे नोंदले जातात. ० म्हणजे रूट, सर्वाधिकार असलेले प्रशासकाचे खाते. सामान्य खाती बहुतेक लिनक्स वितरणांत १००० पासून, मॅकओएसवर ५०१ पासून सुरू होतात. त्यामुळे दोन संगणकांवर दोन वेगळ्या माणसांना १००१ मिळणे नेहमीचेच. विंडोजमध्ये त्याऐवजी एसआयडी (सुरक्षा-ओळख) असतो. डोमेनमधल्या, म्हणजे एकाच केंद्रातून सांभाळल्या जाणाऱ्या विंडोज संगणकांच्या समूहातल्या, खात्याचा एसआयडी एस-१-५-२१ ने सुरू होतो, पुढचे तीन आकडे डोमेनचे आणि शेवटचा, म्हणजे आरआयडी, त्या खात्याचा. एवढी लांब ओळख ३२ बिटांच्या यूआयडीत मावत नाही. म्हणून मध्ये तक्ता किंवा सूत्र लागतेच.

लिनक्स-युनिक्सवरच्या फाइली विंडोजला वापरता याव्यात म्हणून असलेल्या सांबा या प्रणालीत हे काम विनबाइंड हा तिचा घटक करतो. ‘टीडीबी’ पद्धतीत जो आधी येईल त्याला पुढचा मोकळा आकडा मिळतो आणि जोडी त्याच सर्व्हरवर साठवली जाते. एकट्या सर्व्हरला हे पुरते. दुसरा सर्व्हर आला की तोच माणूस तिथे वेगळ्या आकड्याने ओळखला जातो. ‘आरआयडी’ पद्धत सूत्रावर चालते: त्यासाठी राखून ठेवलेल्या आकड्यांचा पट्टा १०००० पासून असेल, तर ११०४ आरआयडीच्या खात्याला ११,१०४ हाच यूआयडी मिळतो, कोणत्याही सर्व्हरवर. मात्र पट्टा सगळीकडे सारखा हवा, आणि फाइली लिहिल्या गेल्यावर तो कधीही बदलू नये. बदलला तर जुन्या फाइलींचे मालक एका रात्रीत परके होतात. ‘एडी’ पद्धतीत आकडे अॅक्टिव्ह डिरेक्टरीतच (विंडोज डोमेनच्या खात्यांच्या मध्यवर्ती नोंदवहीत) नोंदवले जातात. त्यासाठीची रचना १९९८ च्या आरएफसी २३०७ या इंटरनेट-तंत्राच्या दस्तऐवजातून आली. हाताने नोंदी ठेवण्याचे कष्ट आहेत, पण अनेक सर्व्हर असलेल्या ठिकाणी हीच पद्धत सर्वांत भरवशाची.

गटांची गुंतागुंत वेगळीच. विंडोजमध्ये फाइलीचा मालक एखादा गटही असू शकतो, युनिक्सला मात्र मालक म्हणून वापरकर्ताच लागतो. त्यामुळे सांबा काही पद्धतींत एकच आकडा यूआयडी आणि जीआयडी अशा दोन्ही रूपांत वापरतो.

एनएफएस ही युनिक्स परंपरेतली नेटवर्कवरून फाइली वाटण्याची पद्धत. तिची जुनी रीत म्हणजे क्लायंटने (फाइल मागणाऱ्या संगणकाने) सांगितलेल्या आकड्यावर विश्वास ठेवणे. म्हणूनच तिथे ‘रूट स्क्वॉश’ने ० या आकड्याला ‘नोबडी’ या हक्कहीन खात्याचा आकडा (बहुधा ६५५३४) करून टाकतात. चौथ्या आवृत्तीपासून आकड्याऐवजी नाव आणि डोमेन पाठवता येते. दोन्ही टोकांचे डोमेन जुळले नाही, तर फाइली ‘नोबडी’च्या दिसू लागतात. इथे एक फसवी जागा आहे: कर्बेरॉस (वापरकर्त्याची ओळख पटवणारी यंत्रणा) नसेल, तर यादीत नाव बरोबर दिसत असूनही परवानगी जुन्याच आकड्यावर तपासली जाते. नाव दिसते, लिहिता येत नाही, अशी तक्रार आली की आधी दोन्हीकडचे यूआयडी ताडून पाहावेत.

खाते काढून टाकल्यावरही त्याचा आकडा फाइलींवर तसाच राहतो. विंडोज डोमेनमध्ये वापरलेला आरआयडी पुन्हा दिला जात नाही. युनिक्सवर मात्र तोच यूआयडी नव्या खात्याला मिळू शकतो, आणि मग आधीच्या माणसाच्या फाइली नव्याच्या मालकीच्या होतात.