आर्ग्युमेंट लिस्ट टू लाँग: लाखभर फायलींपुढे आरएम हात का टेकतं

बडोद्यात मराठी कागदाला तोटा नाही. तिसऱ्या सयाजीरावांची कारकीर्द १८७५ पासून १९३९ पर्यंतची, त्यामुळे दरबारी मोडी कागद भरपूर. १९१० मध्ये त्यांनी अमेरिकेतून विल्यम बोर्डन या ग्रंथपालांना बोलावून राज्यभर वाचनालयं उभी केली, त्यामुळे छापील मराठीही पुष्कळ. दांडिया बाजारात, रावपुऱ्यात जुन्या घरांचे माळे उपसले की मंडळांचे अहवाल, हिशेबाच्या वह्या, दिवाळी अंक निघतात आणि हल्ली कुणी ना कुणी ते स्कॅन करायला बसतं. एका पानामागे मूळ चित्र, छोटं चित्र, ओळखून काढलेला मजकूर आणि सॉफ्टवेअरने मागे टाकलेल्या दोन-तीन तात्पुरत्या फायली तयार होतात. हे सगळं एकाच फोल्डरमध्ये पडत राहतं. मग एक दिवस तात्पुरत्या फायली पुसायला म्हणून आरएम ही पुसण्याची आज्ञा आणि पुढे * (म्हणजे ‘सगळी नावं’) असं दिलं की लिनक्स सांगतं: ‘आर्ग्युमेंट लिस्ट टू लाँग’, म्हणजे आज्ञेसोबतची यादी फार लांब. स्कॅनिंगला बसलेले काका विचारतात, “अरे, डिस्कमध्ये जागा आहे ना? मग हे कशाबद्दल बोलतंय?”

काकांचा प्रश्न रास्त आहे. डिस्कचा इथे काही संबंध नाही. आरएमचाही नाही, कारण ते बिचारं सुरूच झालेलं नसतं.

उत्तर १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला, बेल लॅब्जमधल्या युनिक्सपाशी सापडतं; लिनक्स त्याच वळणावर बेतलेलं आहे. केन थॉम्पसन आणि डेनिस रिची यांच्या त्या युनिक्समध्ये * चा अर्थ आरएमला किंवा एलएसला (फायलींची यादी दाखवणाऱ्या आज्ञेला) कधीच कळत नव्हता. पहिल्या आवृत्त्यांत तो शेललाही, म्हणजे आपण टाइप केलेली ओळ वाचून आज्ञा चालवणाऱ्या प्रोग्रॅमलाही, कळत नसे. शेलला ओळीत * दिसला की तो ‘ग्लोब’ नावाचा वेगळा प्रोग्रॅम बोलवायचा. ग्लोब फोल्डर वाचायचा, जुळणारी नावं * च्या जागी भरायचा आणि मग खरी आज्ञा चालवायचा. १९७९ च्या सातव्या आवृत्तीत स्टीव्ह बोर्न यांचा शेल आला आणि हे काम त्याच्या पोटात गेलं. वाटणी मात्र तीच राहिली: नावं शेलने शोधायची, आज्ञेला तयार यादी मिळायची. एका अर्थी ही फार चांगली सोय. कॉपी असो, पुसणं असो, मोजणं असो, * सगळीकडे सारखाच चालतो. प्रत्येक प्रोग्रॅम लिहिणाऱ्याला तो वेगळा शिकवावा लागत नाही. पण त्यामुळे ती सगळी यादी एका दमात कर्नेलमधून, म्हणजे प्रणालीच्या गाभ्यातून, पलीकडच्या प्रोग्रॅमकडे पोचवावी लागते, आणि हे पोचवण्याचं काम ‘एक्झेक’ या एकाच सिस्टिम कॉलकडे (कर्नेलला करायच्या विनंतीकडे) आहे.

सगळी गोम या एक्झेकमध्ये. जुन्या प्रोग्रॅमची मेमरी टाकून त्याच जागी नवा आणायचा, तर यादी मधल्या काळात कुठेतरी सांभाळावी लागते. १९७५ च्या सहाव्या आवृत्तीत कर्नेल त्यासाठी डिस्कच्या एका ब्लॉकसाठी असलेला बफर उसना घेई. ब्लॉक ५१२ बाइटांचा, म्हणून यादीही ५१२ बाइटांत बसायला हवी. फाइलचं नाव तेव्हा फार तर १४ अक्षरांचं असे, तरी पूर्ण लांबीची नावं असली तर तीस-पस्तीसमध्ये खेळ खलास. ही मर्यादा विचार करून ठरवलेली नव्हती, हाताशी जे भांडं होतं त्याच्या मापाची होती. सातव्या आवृत्तीत ती दहापट होऊन ५,१२० झाली. पीडीपी-११ या तेव्हाच्या संगणकावर एका प्रोग्रॅमला पत्त्यांची जागाच ६४ किलोबाइट मिळे, तेव्हा याहून सढळ हात कुणी सोडला नाही.

लिनक्सने बरीच वर्षं मेमरीची ३२ पानं, म्हणजे १२८ किलोबाइट, एवढी जागा ठेवली. ऑक्टोबर २००७ मध्ये आलेल्या २.६.२३ या कर्नेलने ती बंधनं सैल केली आणि स्टॅकच्या (प्रोग्रॅमच्या कामचलाऊ मेमरीच्या) मर्यादेचा चौथा हिस्सा यादीला दिला. स्टॅक सहसा ८ मेगाबाइट, म्हणजे यादीला २ मेगाबाइट. एन्व्हायर्नमेंटमधली व्हेरिएबल्सही (प्रोग्रॅमला सोबत मिळणारी सेटिंग्ज) याच २ मेगाबाइटमध्ये मोजली जातात.

२ मेगाबाइट म्हणजे किती फायली? इथे देवनागरीत नावं देणाऱ्यांना थोडा जादा भुर्दंड बसतो. यूटीएफ-८ या अक्षरं साठवण्याच्या पद्धतीत देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइट खातं, आणि काना, वेलांटी, अनुस्वार ही सगळी वेगळी चिन्हं. ‘दांडिया_बाजार’ एवढ्याचेच ३७ बाइट होतात; रोमन लिपीत तेच १२ मध्ये भागतं. त्यापुढे एक जोडरेघ, सहा आकडी क्रमांक आणि तीन अक्षरी एक्स्टेन्शन रोमनमध्ये जोडलं, नावामागचा शेवटचा शून्य बाइट आणि त्याचा आठ बाइटांचा पत्ता धरला, तर एका फाइलमागे ५७ बाइट लागतात. साधारण ३६ हजार फायलींत २ मेगाबाइट संपतात. रोमन नावं असती तर ६५ हजारांपर्यंत मजल गेली असती. म्हणून नावं रोमनमध्ये द्या, असं मात्र मी म्हणणार नाही. नाव वाचून वही ओळखता येते, हे त्या हजारो फायलींपेक्षा मोलाचं आहे, आणि मर्यादा काय, दोन्हीकडे कधीतरी आडवी येणारच.

मर्यादा वाढवून हा प्रश्न सुटणार नाही, हे बेल लॅब्जमध्ये १९७० च्या दशकातच उमगलं होतं. तिथल्या प्रोग्रॅमर्स वर्कबेंच या युनिक्सच्या शाखेने दोन हत्यारं दिली. डिक हेट यांचं ‘फाइंड’ फोल्डर-सबफोल्डर उतरत जातं आणि नावं सापडतील तशी एकेक करून पुढे सोडतं. हर्ब गेलिस यांचं ‘एक्सआर्ग्ज’ ती नावं घेतं, मर्यादेत मावतील एवढी एका गठ्ठ्यात बांधतं, गठ्ठा आरएमच्या हवाली करतं आणि पुढचा बांधायला घेतं. दप्तरखान्यात मोडी कागद एकाच ढिगात न ठेवता हाताला पेलतील असे रुमाल बांधत, तसंच हे. लाख फायलींसाठीही आरएम मोजक्याच वेळा चालतं, बस्स. फाइंडला स्वतःलाही दर फाइलमागे आज्ञा चालवता येई, पण मग लाख फायलींना लाख वेळा नवा प्रोसेस, आणि मशीन धापा टाकू लागे. गठ्ठे बांधणारं + हे चिन्ह फाइंडमध्ये नंतर आलं आणि २००१ च्या पॉझिक्समध्ये (युनिक्सच्या लेखी प्रमाणात) त्यावर शिक्कामोर्तब झालं. आज मी बहुतेक वेळा तेच वापरतो.

एक्सआर्ग्जला एक वाईट खोड होती आणि अजूनही आहे. मुळात ते स्पेस दिसली की नाव संपलं असं समजतं, अवतरणचिन्हांचाही आपल्या परीने अर्थ लावतं. ‘दिवाळी अंक जुने’ अशा नावाच्या फाइलचे त्याच्या लेखी तीन तुकडे, आणि त्यातल्या ‘जुने’ नावाची दुसरी फाइल खरोखरच असली तर पुसली जाते ती. युनिक्समध्ये फाइलच्या नावात दोनच गोष्टी चालत नाहीत: तिरकी रेघ आणि शून्य बाइट. बाकी स्पेस, अवतरणं, एवढंच काय, नवी ओळसुद्धा चालते. म्हणून नावांच्या मध्ये शून्य बाइट घालणं हाच एक भरवशाचा मार्ग. फाइंडचं प्रिंट-झिरो आणि एक्सआर्ग्जचं उणे-शून्य ही पर्यायांची जोडी जीएनयू आणि बीएसडी या युनिक्सच्या गोतावळ्यांत वर्षानुवर्षं वापरात आहे. पॉझिक्सला तिला रीतसर आत घ्यायला २०२४ साल उजाडलं. प्रमाणीकरणाच्या कारभारात एवढा विलंब नवा नाही, तरी हा जरा अतीच.

एक गंमत बहुतेकांच्या लक्षात येत नाही: * पुढे ठेवून इको ही मजकूर छापणारी आज्ञा दिली तर कितीही फायली असोत, तक्रार येत नाही. इको शेलच्या आतच आहे, नवा प्रोग्रॅम सुरू करावा लागत नाही, म्हणजे एक्झेकशी गाठच पडत नाही. शेलचा फॉर लूपही याच कारणाने निर्धास्त चालतो, फक्त आत आरएम असेल तर हळू.

यादीचा प्रश्न मिटला तरी फोल्डरचा उरतो. जुन्या युनिक्समध्ये फोल्डर म्हणजे सोळा-सोळा बाइटांच्या नोंदींची साधी वही: दोन बाइट आयनोडचा (डिस्कवरच्या फाइलच्या नोंदीचा) क्रमांक, १४ बाइट नाव. एक नाव शोधायचं तर पहिल्या पानापासून वाचत जायचं. १९८० च्या दशकात बर्कलीच्या फाइल सिस्टिमने नावाची लांबी २५५ बाइटांवर नेली (आपल्या हिशेबाने देवनागरीची ८५ चिन्हं), पण शोधायची रीत तीच. लिनक्सच्या एक्स्ट-३ या फाइल सिस्टिममध्ये २००२ च्या सुमारास डॅनियल फिलिप्स यांची एच-ट्री ही हॅशवरची (नावावरून काढलेल्या आकड्यावरची) रचना आली, तेव्हा कुठे लाखभर नावांतून एक नाव काढणं झटपट झालं. एलएस तरीही अडकतं, कारण ते सगळी नावं वाचून, वर्णक्रमाने लावून मगच पहिली ओळ दाखवतं. रंगीत यादी मागितली असेल तर बहुधा प्रत्येक फाइलची चौकशी वेगळी. लहान एफचा पर्याय दिला की क्रम लावणं बंद होतं आणि नावं लगेच वाहू लागतात.

काकांच्या डिस्कच्या प्रश्नाला एक पुरवणी आहे. एक्स्ट-३ नंतरच्या एक्स्ट-४ मध्ये आयनोडची संख्या डिस्क फॉरमॅट करतानाच ठरते, नेहमीच्या सेटिंगला दर १६ किलोबाइटमागे एक. बारीक तात्पुरत्या फायली अति झाल्या तर आयनोड आधी संपतात आणि गिगाबाइटच्या गिगाबाइट मोकळे असताना ‘जागा नाही’ असा संदेश येतो. डीएफ या मोकळी जागा दाखवणाऱ्या आज्ञेला उणे-आय दिलं की ते कळतं.

फायली मुळातच वाटून ठेवणं हा यावरचा जुना आणि अजूनही सर्वांत बरा उपाय. २००५ मध्ये लायनस टॉरवाल्ड्स यांनी लिहिलेलं गिट (प्रोग्रॅमच्या आवृत्त्या सांभाळणारं सॉफ्टवेअर) आपल्या वस्तू हॅशच्या पहिल्या दोन अंकांवरून २५६ फोल्डरांत टाकतं. स्कॅनच्या कामाला एवढंही नको. एका वहीला एक फोल्डर पुरतो. मात्र जिथे एकदा लाखो फायली साचल्या, ते फोल्डर रिकामं करून वापरात ठेवू नये. एक्स्ट-४ मध्ये फोल्डरची स्वतःची वही एकदा फुगली की फायली पुसल्यावरही आकसत नाही आणि रिकाम्या फोल्डरवर एलएस रेंगाळत राहतं. शेजारी नवीन फोल्डर करून उरलेल्या फायली तिकडे हलवायच्या आणि जुनं काढून टाकायचं.