क्रूगरमधला पिवळ्या चोचीचा ऑक्सपेकर मधली ८० वर्षं कुठे होता?

दक्षिण आफ्रिकेतल्या क्रूगर नॅशनल पार्कला पक्षी बघायला गेलेल्या माणसाला ऑक्सपेकर बहुतेक पहिल्याच दिवशी दिसतो, जिराफ दिसला की त्याच्या मानेवर चारपाच जण चिकटलेले असतातच. आपल्याकडे म्हशीच्या पाठीवर साळुंकी किंवा गायबगळा असतो तसंच हे, असं वाटतं, आणि साळुंकीशी याचं नातंही जवळचं आहे. म्हणून लोक पटकन फोटो काढतात आणि गाडी पुढे, सिंह कुठे आहे ते बघायला. मला मात्र वाटतं की क्रूगरचा इतिहास सिंहापेक्षा हा पक्षी जास्त नीट सांगतो.

आधी पक्षी जवळून बघू. साळुंकी जनावराच्या पाठीवर उभी राहते, हा चिकटतो. नखं अणकुचीदार, शेपटी सुतार पक्ष्यासारखी ताठ, त्यामुळे हा जिराफाच्या पोटाखाली उलटासुद्धा फिरतो. चोच बाजूने चपटी असते, ती केसांत आडवी घालून कात्री चालवल्यासारखी भराभर उघडमिट करत जातो आणि गोचीड वेचतो. कानात डोकं घालतो, नाकपुडीपाशी जातो, डोळ्याच्या कडेला जातो आणि एवढं मोठं जनावर शांत उभं राहतं. पण जखम असेल तर तीही उकरतो, रक्त पितो, तेव्हा जनावर मान झटकून त्याला हाकलतं, म्हणजे निव्वळ उपकाराचं नातं नाहीये हे. जाती दोन आहेत. एकाची चोच पूर्ण लाल आणि डोळ्याभोवती पिवळं कडं, तो इम्पाला, कुडू ही हरणं, जिराफ अशा कितीतरी प्राण्यांवर बसतो. दुसऱ्याची चोच बुडाशी जाड आणि पिवळी, टोकाला लाल, डोळ्याला कडं नाही. याला मोठी जनावरं जास्त पसंत, म्हणजे मुख्यतः रानम्हैस आणि गेंडा. सगळं घडलं ते या पसंतीमुळे.

१८८७ च्या सुमारास इटालियन सैन्याने आजच्या इरिट्रियात गुरं उतरवली आणि त्यांच्याबरोबर बुळकांडी आफ्रिकेत शिरली. ती गुरं हिंदुस्थानातून आणलेली होती असं मानलं जातं, आणि हे वाचल्यावर मी जरा वेळ थांबलोच, कारण बुळकांडी हा शब्द आपल्याकडच्या जुन्या शेतकऱ्यांना चांगला ठाऊक आहे, गोठेच्या गोठे रिकामे करणारा रोग. आफ्रिकेत तर तो नवाच होता, जनावरांच्या अंगात प्रतिकारशक्ती काहीच नाही. दहाएक वर्षांत तो खाली झांबेझी नदीपर्यंत आला, १८९६ मध्ये ओलांडून दक्षिणेत शिरला आणि लोकांची बहुतेक सगळी गुरं गेली, घरात दूध नाही, नांगराला बैल नाही, गाडीला बैल नाही. आणि रोग फक्त गुरांवर थांबला नाही. रानम्हशी मेल्या, कुडू मेले, इलंड नावाची मोठी हरणं मेली. त्याच काळात शिकारीने पांढरा गेंडा त्या भागातून जवळपास पुसूनच टाकला होता. म्हणजे पिवळ्या चोचीच्या ऑक्सपेकरची दोन्ही घरं एकाच वेळी गेली. १८९७ नंतर दक्षिण आफ्रिकेत तो दिसेनासा झाला.

पार्कची सुरुवातही नेमकी याच काळातली. ट्रान्सवाल हे बोअरांचं, म्हणजे डच वंशाच्या गोऱ्यांचं राज्य, पॉल क्रूगर त्याचा अध्यक्ष. त्याच्या सरकारने १८९८ मध्ये साबी नदीच्या परिसरात राखीव जंगल जाहीर केलं, लगेच पुढच्या वर्षी इंग्रजांशी बोअर युद्ध सुरू झालं आणि ते कागदावरच राहिलं. १९०२ मध्ये जेम्स स्टीव्हन्सन-हॅमिल्टन वॉर्डन म्हणून आला तेव्हा रिकामंच रान होतं म्हणायचं. त्याने शिकार बंद केली आणि तिथे राहणाऱ्या लोकांनाही बाहेर काढलं, म्हणून स्थानिक लोकांनी त्याचं नाव ठेवलं स्कुकुझा, म्हणजे सगळं झाडून साफ करणारा. आज पार्कचा मुख्य कॅम्प याच नावाचा आहे, लोक तिथे कौतुकाने बोर्डापाशी फोटो काढतात, पण त्या नावात उठवलेल्या माणसांची आठवण आहे हे विसरू नये असं मला मनापासून वाटतं. १९२६ मध्ये नॅशनल पार्क झालं, १९२७ मध्ये पर्यटक आले ते फक्त ३ गाड्यांतून, १९२९ पर्यंत ८५० गाड्या झाल्या.

आता लाल चोचीच्या भावाचं बघा. तो बुळकांडीतून वाचला, कारण त्याला बसायला इतर प्राणी होते. पण १९०२ च्या आसपास ईस्ट कोस्ट फीव्हर आला, गोचिडांमुळे पसरणारा गुरांचा रोग, आणि त्यावर सरकारने उपाय केला तो डिपिंगचा. म्हणजे आर्सेनिकचं पाणी भरलेले हौद बांधायचे आणि गुरं त्यातून पोहवत न्यायची. शेतकऱ्याचं काही चुकलं नाही, आधीच बुळकांडीने कंबरडं मोडलेलं, उरलेली गुरं वाचवायचीच होती. पण गोचीड मेले आणि विषारी गोचीड खाऊन पक्षीही मेले, जे उरले त्यांना खायला काही नाही. शेतांवरून, कुरणांवरून लाल चोचीचाही पक्षी हळूहळू गेला आणि जिथे गुरंच नव्हती अशा क्रूगरसारख्या ठिकाणी टिकला. पुढे पक्ष्यांना कमी घातक औषधं आली, तेव्हा क्रूगरमधले पक्षी जाळ्यात पकडून दुसऱ्या अभयारण्यांत आणि फार्मवर नेऊन सोडले गेले.

क्रूगरमध्ये दरम्यान रानम्हशींचे कळप परत वाढले. १९६१ पासून पांढरे गेंडे दक्षिण आफ्रिकेतल्याच नाताळ प्रांतातून आणून सोडले, १९७१ मध्ये काळे गेंडे आले. आणि १९७९ मध्ये पिवळ्या चोचीचा ऑक्सपेकर परत दिसला! त्याला कोणी पिंजऱ्यातून आणून सोडलं नव्हतं, उत्तरेकडून, झिंबाब्वेच्या बाजूने तो आपणहून आला असावा असं मानतात. घर परत उभं राहिलं आणि भाडेकरू परत आला, मला तरी या सगळ्यात हाच भाग सगळ्यात जास्त आवडतो.

तो परत आलाय हे कळायला बघणारे डोळेही तयार असावे लागतात, नाहीतर बसला असता एखाद्या म्हशीवर आणि कोणाच्या लक्षातही आलं नसतं. ऑस्टिन रॉबर्ट्सचं दक्षिण आफ्रिकेच्या पक्ष्यांवरचं पुस्तक १९४० मध्ये आलं, त्यातल्या नंबरांनी पक्षी ओळखायची तिथे पिढ्यान्‌पिढ्या सवय झाली. पुढे १९८७ ते १९९१ सामान्य पक्षीनिरीक्षकांनी नोंदी गोळा करून आफ्रिकेच्या दक्षिण भागाचा पक्षी-अ‍ॅटलास, म्हणजे कुठला पक्षी कुठे दिसतो याचे नकाशे, केला, २००७ पासून दुसरा चालू आहे. पण हा छंद बराच काळ गोऱ्यांचाच राहिला, वर्णभेदाच्या काळात काळ्या पर्यटकांना क्रूगरमध्ये राहायला बालुलेसारखा एखादा छोटा कॅम्प सोडला तर जागाच नव्हती. आणि उत्तरेच्या टोकाला पाफुरी, जिथे आज लोक पेल्स फिशिंग आउल हे मासे पकडणारं घुबड बघायला मुद्दाम जातात, तिथून १९६९ मध्ये मकुलेके लोकांना जबरदस्तीने हलवलं होतं. त्यांना ती जमीन १९९८ मध्ये कायद्याने परत मिळाली आणि त्यांनी ती पार्कमध्येच ठेवली, आता तिथल्या लॉजेसच्या उत्पन्नातला वाटा त्यांना मिळतो.

स्वाहिली भाषेत ऑक्सपेकरला गेंड्याचा पहारेकरी अशा अर्थाचं नाव आहे. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात हे खरंच तपासलं गेलं, दक्षिण आफ्रिकेतल्याच ह्लुह्लुवे-इम्फोलोझी पार्कात. काळ्या गेंड्याला फारसं दिसत नाही, माणूस वाऱ्याला आडवा चालत आला तर पाठीवर पक्षी नसलेल्या गेंड्यांना २३ टक्के वेळाच कळलं, आणि पक्षी पाठीवर असताना दर वेळी कळलं, कारण पक्षी ओरडतो.

तर क्रूगरला गेलात की जिराफावरच्या पक्ष्यावर थांबू नका. लोअर साबी कॅम्पच्या बाजूला रानम्हशींचा मोठा कळप मिळाला तर ड्रायव्हरला गाडी बंद करायला सांगा आणि दुर्बिणीने एकेक पाठ बघत जा. लाल चोचीचे बरेच दिसतील. त्यात एखादा उडाला आणि शेपटीच्या वरचा भाग पाठीपेक्षा फिक्कट, पिवळसर चमकला, तर तो पिवळ्या चोचीचा.