पेशीपटल

पेशीपटल म्हणजे पेशीच्या आतले पेशीद्रव्य आणि बाहेरचे जग यांच्यामधला मेद व प्रथिनांचा पातळ पडदा. शालेय पुस्तकांत त्याला प्रद्रव्यपटल असेही म्हणतात. त्याची जाडी साधारण ७ ते ८ नॅनोमीटर असते. अशी सव्वा लाख पटले एकावर एक रचली, तर जेमतेम १ मिलिमीटर उंची भरेल. वनस्पती, कवके आणि बहुतेक जीवाणूंमध्ये पटलाच्या बाहेर आणखी एक पेशीभित्तिका असते. ती ताठ असते आणि आधार देते. या दोहोंची गल्लत विद्यार्थी हमखास करतात, पण दोष बराचसा आकृत्यांचा आहे. पुस्तकात पटल म्हणून एक ठळक काळी रेघ ओढलेली असते, त्यामुळे ते कुंपणासारखे पक्के असेल असे वाटते. प्रत्यक्षात पटल हे द्रव असते.

पटलाचा मुख्य घटक फॉस्फोलिपिड. या रेणूचे डोके पाण्यात रमते आणि मेदाम्लांच्या दोन शेपट्या पाण्याला टाळतात. असे रेणू पाण्यात एकत्र आले की ते आपोआप दुहेरी थर धरतात, शेपट्या आत एकमेकींसमोर आणि डोकी दोन्ही बाजूंच्या पाण्याकडे. शेजारच्या रेणूंना बांधणारा पक्का रासायनिक बंध नसतो. भोवतालच्या पाण्यामुळेच त्यांची मोट टिकते. म्हणून बारीक छिद्र पडले तर तेही आपसूक बुजते. वंध्यत्वावरील उपचारांत काचेच्या सूक्ष्म सुईने एकच शुक्राणू थेट बीजांडात सोडतात. सुई बाहेर आली की बीजांडाचे पटल पुन्हा मिटते.

थर दुहेरी आहे हे १९२५ मध्ये नेदरलँड्समधील लायडन येथे गॉर्टर आणि ग्रेंडेल यांनी दाखवले. गॉर्टर हे बालरोगतज्ज्ञ. त्यांनी तांबड्या रक्तपेशी निवडल्या, कारण सस्तन प्राण्यांच्या या पेशींत केंद्रक नसते आणि आतली दुसरी पटलेही नसतात, त्यामुळे मेद मिळेल तो बाहेरच्या पटलाचाच. हा मेद अॅसिटोनने काढून त्यांनी पाण्यावर एकेरी थरात पसरवला. त्याचे क्षेत्रफळ पेशींच्या पृष्ठभागाच्या दुप्पट भरले. गंमत अशी की मोजणीत दोन चुका होत्या. अॅसिटोनने सगळा मेद निघालाच नव्हता, आणि वाळलेल्या पेशींवरून काढलेला पृष्ठभागही प्रत्यक्षापेक्षा कमी धरला गेला होता. दोन्ही चुकांनी एकमेकींची भरपाई केली आणि उत्तर बरोबर आले.

पटल वाहते याचा पुरावा १९७० मध्ये फ्राय आणि एडिडिन यांनी दिला. उंदराची पेशी आणि माणसाची पेशी त्यांनी एकमेकींत मिसळवली. दोघींच्या पटलांवरील प्रथिनांना दोन वेगळ्या रंगांच्या खुणा केल्या होत्या. सुरुवातीला जोडपेशीचा अर्धा भाग एका रंगाचा आणि अर्धा दुसऱ्या रंगाचा दिसत होता, पण ३७ अंश सेल्सिअसला सुमारे ४० मिनिटांत रंग सगळीकडे मिसळले. थंडीत ही मिसळण मंदावली. दोन वर्षांनी सिंगर आणि निकोल्सन यांनी मेदाच्या द्रवात प्रथिने तरंगत असल्याचे प्रारूप मांडले. आजही मूळ चौकट तीच आहे, मात्र पटलात प्रथिनांची दाटी त्यांनी कल्पिली होती त्याहून बरीच जास्त असल्याचे पुढे दिसून आले.

द्रवपणा किती राहील हे शेपट्यांवर ठरते. हिवाळ्यात खोबरेल बाटलीत थिजते आणि शेजारचे शेंगदाण्याचे तेल वाहते राहते, याचे कारण दोन्हींतल्या मेदाम्लांत आहे. खोबरेलातील बहुतेक मेदाम्ले संपृक्त, सरळ शेपटीची असल्याने दाटीने बसतात. असंपृक्त शेपटीत बाक असतो, त्यामुळे ती मोकळी राहते. गारठ्यात अनेक वनस्पती आणि मासे आपल्या पटलांतील असंपृक्त मेदाम्लांचे प्रमाण वाढवतात. प्राण्यांच्या पटलात कोलेस्टेरॉल असते; ते उष्णतेत पटल फार सैल होऊ देत नाही आणि थंडीत थिजू देत नाही. कवकांमध्ये हे काम एर्गोस्टेरॉल करते, आणि बुरशीवरची कितीतरी औषधे नेमका हाच फरक हेरून बनवलेली आहेत.

पटल निवडक्षम असते. प्राणवायू आणि कार्बन डायऑक्साइड मेदातून सहज जातात. आयन (विद्युतभार असलेले कण) आणि साखर अडतात. स्वयंपाकघरात हे पाहता येते. बिटाचे तुकडे गार पाण्याने निथळ पाणी येईपर्यंत धुवावेत आणि मग गार पाण्यात ठेवावेत. रंग फारसा उतरत नाही. तेच तुकडे कडकडीत पाण्यात टाकले की पाणी लालभडक होते, कारण रिक्तिकेचे (पेशीतल्या, रंग साठवणाऱ्या पिशवीचे) आणि पेशीचे अशी दोन्ही पटले उष्णतेने मोडतात. काकडीच्या कोशिंबिरीत मीठ अगदी शेवटी घालतात त्यामागे परासरण आहे. मिठामुळे पेशींतले पाणी बाहेर ओढले जाते, यालाच आपण पाणी सुटणे म्हणतो.

पाणी मेदातूनही झिरपते, पण सावकाश. काही पेशींत ते फार वेगाने ये-जा करते, त्याचा उलगडा १९९२ मध्ये पीटर अॅग्रे यांनी केला. तांबड्या रक्तपेशीतल्या एका प्रथिनाचा आरएनए, म्हणजे ते बनवण्याची सूचना देणारा रेणू, त्यांनी बेडकाच्या अंड्यांत टोचला. अशी अंडी कमी क्षारांच्या पाण्यात टाकताच फुगून फुटली. साधी अंडी जशीच्या तशी राहिली. ते प्रथिन म्हणजे पटलातली पाण्याची वाट, अॅक्वापोरिन. या अॅक्वापोरिनसाठी अॅग्रे यांना २००३ चे रसायनशास्त्राचे नोबेल मिळाले, आयनमार्गांची, म्हणजे आयनांना वाट देणाऱ्या प्रथिनांची रचना उलगडणारे रॉडरिक मॅकिनन यांच्यासोबत.

उताराच्या दिशेने, म्हणजे जास्त प्रमाणाकडून कमीकडे, जाण्यास मार्ग पुरतो. चढावर नेण्यास पंप लागतो. येन्स स्कोऊ यांनी १९५७ मध्ये खेकड्याच्या चेतातंतूंत शोधलेला पंप एका एटीपीच्या (पेशीला ऊर्जा पुरवणाऱ्या रेणूच्या) मोबदल्यात सोडियमचे ३ आयन बाहेर टाकतो आणि पोटॅशियमचे २ आत घेतो. आयनांच्या या तफावतीमुळे चेतापेशीच्या पटलावर सुमारे ७० मिलिव्होल्टचे विभवांतर, म्हणजे विद्युतदाबाचा फरक, टिकून राहते. आकडा किरकोळ वाटतो, पण पटलाची जाडी लक्षात घेतली तर हे विद्युतक्षेत्र दर सेंटिमीटरला लाखभर व्होल्टच्या घरात जाते.

आतड्याच्या पेशी याच तफावतीवर ग्लुकोज ओढून घेतात. तिथले एक वाहक प्रथिन सोडियम आणि ग्लुकोज सोबतच आत नेते आणि त्यांच्यामागे पाणी जाते. पटकीत विषामुळे पाणी बाहेर धो धो वाहते, तरीही हा वाहक शाबूत असतो. जलसंजीवनीत मिठाबरोबर साखर असते ती चवीसाठी नव्हे, या वाहकासाठी. १९७१ मध्ये बांगलादेशी निर्वासितांच्या बनगाव येथील छावणीत डॉ. दिलीप महालनबीस यांनी हे द्रावण मोठ्या प्रमाणावर वापरले आणि मृत्यूचे प्रमाण सुमारे ३० टक्क्यांवरून ४ टक्क्यांच्या आत आले.

केंद्रक, तंतुकणिका आणि हरितलवके यांनाही अशीच पटले असतात, किंबहुना एकाऐवजी दोन-दोन.

पटलाच्या बाहेरच्या अंगाला साखरांच्या साखळ्या असतात. पेशीची ओळख त्यांवरून पटते. ए आणि बी रक्तगटांत फरक आहे तो साखळीच्या टोकाच्या एका साखरेचा. या टोकाखालचा पाया म्हणजे एच प्रतिजन, आणि ओ गटात तो उघडाच राहतो. डॉ. वाय. एम. भेंडे आणि सहकाऱ्यांनी १९५२ मध्ये मुंबईतील अशा व्यक्तींची नोंद केली, ज्यांच्या रक्तपेशींवर हा पायाच नव्हता. त्यावरून या गटाला बॉम्बे रक्तगट हे नाव पडले. नुसत्या ए आणि बीच्या चाचणीत तो ओ म्हणून दिसतो. मात्र त्या व्यक्तीच्या रक्तद्रवात एचविरोधी प्रतिपिंडे (एच असलेल्या पेशींवर हल्ला करणारी प्रथिने) असतात, त्यामुळे तिला ओ गटाचे रक्तही चालत नाही. रक्त लागते ते बॉम्बे गटाच्याच दात्याचे.