राग नटावर, मार्क कापले सिनेमाचे

दिवाळीच्या सुट्टीत घरी सगळे मिळून टीव्हीवर हिंदीत डब केलेला एक दाक्षिणात्य सिनेमा पाहत होतो. त्यातल्या नायकाबद्दल माझं मत वाईट होतं. काही महिन्यांपूर्वी तो जाहीरपणे जे बोलला, ते मला अजिबात पटलं नव्हतं. मध्यंतरापर्यंत मी दोनदा म्हणालो, ‘किती ओढूनताणून बोलतो हा!’ आत्या म्हणाली, ‘अरे, आवाज त्याचा कुठंय? डब केलाय ना!’

सिनेमा डब केलेला आहे हे मलाही माहीत होतं. तरी तो आवाज कानाला त्याचाच वाटत होता आणि त्याचाच म्हणून खटकत होता. बरं, मी काही त्याच्या विधानावर बोलत नव्हतो, मी ‘अभिनयावर’ बोलत होतो. माझी तशी प्रामाणिक समजूत होती.

मन असं का करतं, याचा शोध जुना आहे. एडवर्ड थॉर्नडाइक या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाचा 1920 साली एक निबंध प्रसिद्ध झाला. लष्करी अधिकाऱ्यांनी हाताखालच्या माणसांना शरीरयष्टी, बुद्धी, नेतृत्व, चारित्र्य अशा गुणांसाठी वेगवेगळे मार्क दिले होते. पण ते मार्क एकमेकांशी फारच जुळत होते. उंचापुरा गडी हुशारही ठरत होता आणि सचोटीचाही. माणसाबद्दलचं एकच ठोक मत प्रत्येक रकान्यात उतरत होतं. देवाच्या मूर्तीमागे प्रभावळ असते, तिच्या झळाळीत मूर्तीचे बारकावे हरवतात, तसंच हे. म्हणून मी याला प्रभावळ परिणाम म्हणतो. प्रभावळ काळीही असू शकते.

मला मात्र त्याहून महत्त्वाचा वाटतो तो 1977 सालचा रिचर्ड निस्बेट आणि टिमोथी विल्सन या मानसशास्त्रज्ञांचा प्रयोग. त्यांनी 118 विद्यार्थ्यांना एका प्राध्यापकाची चित्रित मुलाखत दाखवली. प्राध्यापक युरोपातले, त्यांच्या इंग्रजीला परका हेल होता. मुलाखती दोन होत्या. एकीत ते आपुलकीनं बोलतात, दुसरीत तुसडेपणानं. माणूस तोच, चेहरा तोच, हेल तोच. आपुलकीचे सर पाहिलेल्या बहुतेकांना त्यांचं दिसणं आणि हातवारे आवडले. तुसडे सर पाहिलेल्या बहुतेकांना तेच दिसणं, तेच हातवारे आणि तो हेलही नकोसा वाटला.

खरी गोष्ट पुढेच आहे. सर आवडले-नावडले याचा तुमच्या या मतांवर परिणाम झाला का, असं विद्यार्थ्यांना विचारलं, तर ते नाही म्हणाले. उलट तुसडे सर पाहिलेल्यांना वाटत होतं की त्यांचं दिसणं, हातवारे आणि हेल आवडला नाही, म्हणून सर आवडले नाहीत. कार्यकारण चक्क उलटं झालं होतं. म्हणूनच ‘मी नटाबद्दलचं मत बाजूला ठेवून सिनेमा पाहतो’ या वाक्यावर माझा विश्वास बसत नाही, माझ्या स्वतःच्या तोंडचं असलं तरीही. बाजूला ठेवायला ते मत हाती तर लागलं पाहिजे! ते ‘त्याचा आवाज वाईट आहे’ अशा वेशात समोर येतं.

उलट दिशेनंही हेच घडतं. निळू फुल्यांनी पडद्यावर पाटील, सरपंच, कारखानदार इतके अस्सल उभे केले की प्रत्यक्षात त्यांना पाहून बायका बिचकत, असं सांगतात. माणूस राष्ट्र सेवा दलात घडलेला, सामाजिक चळवळींत आयुष्यभर रमलेला. पण ‘सामना’तला हिंदुराव त्यांच्या अंगाला चिकटला. 1967 साली एडवर्ड जोन्स आणि व्हिक्टर हॅरिस या मानसशास्त्रज्ञांनी याच सवयीचं मोजमाप केलं. क्यूबाचा नेता फिडेल कॅस्ट्रो याच्या बाजूनं किंवा विरोधात लिहिलेले निबंध त्यांनी लोकांना वाचायला दिले. कोणती बाजू घ्यायची हे लिहिणाऱ्याच्या हातात नव्हतं, असं सांगूनही वाचणारे ती मतं काही प्रमाणात त्याचीच धरून चालले. नटाच्या तोंडचे संवाद तर दुसऱ्यानंच लिहिलेले असतात.

आणि पडद्यावरचा ‘अभिनय’ तरी सगळा नटाचा असतो का? रशियन दिग्दर्शक पुदोवकिन यानं दुसरा रशियन दिग्दर्शक लेव्ह कुलेशोव्ह याच्या प्रयोगाचं वर्णन करून ठेवलं आहे. मॉझ्झुखिन या नटाच्या निर्विकार चेहऱ्याचा एकच तुकडा सूपच्या ताटलीशेजारी, शवपेटीतल्या बाईशेजारी आणि खेळणाऱ्या मुलीशेजारी जोडला. प्रेक्षकांना त्या चेहऱ्यावर विचारमग्नता, दुःख, आनंद असं सगळं दिसलं आणि त्यांनी नटाची वाहवा केली. ते काम कात्रीनं केलं होतं. नटावरच्या रागापायी सिनेमा मोडीत काढताना आपण संकलक, छायाचित्रकार, ध्वनिमुद्रक यांचेही मार्क कापतो. मला हा त्यांच्यावर अन्याय वाटतो.

एखाद्याच्या वागण्यामुळे त्याच्या सिनेमाचं तिकीट काढायचं नाही, हा निर्णय मी पूर्ण मान्य करतो. कधीकधी मीही तो घेतो. पण तो ‘मी पाहणार नाही’ एवढाच असतो. त्यातून ‘सिनेमा वाईट आहे’ असं निघत नाही.

उपाय निर्धारात नाही, पद्धतीत आहे. मानसशास्त्रज्ञ डॅनियल कानेमन परीक्षेचे पेपर तपासत, तेव्हा त्यांच्या लक्षात आलं की पहिल्या उत्तराला दिलेले मार्क दुसऱ्या उत्तराच्या मार्कांना ओढतात. मग त्यांनी सगळ्यांचं पहिलं उत्तर आधी तपासायला घेतलं आणि मार्क सहज दिसू नयेत असे शेवटच्या पानाच्या आतल्या बाजूला लिहिले. आता एकाच विद्यार्थ्याच्या मार्कांत तफावत पडू लागली. त्यांचा स्वतःच्या मार्कांवरचा भरवसा कमी झाला, पण ते पद्धतीला चिकटून राहिले.

आत्या आणि मी आता तेच करतो. सिनेमा संपला की बोलायच्या आधी दोघंही वहीत लिहितो. कथा, कॅमेरा, ध्वनी, संकलन यांचे मार्क आधी आणि नटांचे सगळ्यात शेवटी. तो डब केलेला सिनेमा मी पुन्हा लावला आणि एक प्रसंग आवाज बंद करून पाहिला. नायक शर्टाची बटणं लावतोय, दारात वडील येऊन उभे राहतात. तो वर बघत नाही. फक्त बोटं तिसऱ्या बटणावर थांबतात, आणि मग तो तेच बटण पुन्हा काढतो. पहिल्या खेपेला हे मला दिसलंच नव्हतं. वहीत त्याच्या नावापुढे मी दहापैकी आठ लिहिले.