ब्राझीलची सर्वात मोठी कंपनी? आधी सांगा, कशाने मोठी

भाचीच्या स्पर्धा परीक्षेच्या नोट्स चाळताना परवा पुन्हा तेच दिसलं. ब्राझीलच्या पानावर एका ओळीत लिहिलं होतं, ‘सर्वात मोठ्या कंपन्या : पेट्रोब्रास, जेबीएस’. चार पानं पुढे दुसऱ्या कुठल्या तरी झेरॉक्समध्ये, ‘सर्वात मोठ्या कंपन्या : पेट्रोब्रास, व्हाली, इताउ’. तिने विचारलं, मामा, बरोबर कुठलं? दोन्ही बरोबर आहेत. पहिली यादी उलाढालीची, म्हणजे वर्षभराच्या एकूण विक्रीची, दुसरी बाजारमूल्याची. (पेट्रोब्रास तेलाची कंपनी, जेबीएस मांसाची, व्हाली खनिजांची आणि इताउ ही बँक.) पण दोन्हींच्या डोक्यावर फक्त ‘सर्वात मोठ्या’ एवढंच, आणि कुठल्या वर्षाची तेही नाही. हा घोळ मी इतक्या ठिकाणी पाहिलाय की आता एकदा बसून लिहूनच काढतो.

त्याच पानावर लोकसंख्येचेही दोन आकडे होते, ते आधी उरकतो. २०२२च्या जनगणनेत ब्राझीलची लोकसंख्या २०.३१ कोटी भरली. त्याच्या आदल्या वर्षीचा सरकारी अंदाज मात्र २१.३३ कोटींचा होता. म्हणून दोन्ही आकडे फिरत राहतात. मोजलेला आकडा एक आणि अंदाजाचा दुसरा, एवढाच फरक. साओ पाउलोचंही तसंच. त्या नावाचं शहर आहे (१.१५ कोटी), शहराभोवतीचा ३९ नगरपालिकांचा महानगर प्रदेश आहे (दोन कोटींच्या वर) आणि राज्यही आहे (४.४४ कोटी). आकडा वाचला की यातलं कुठलं ते बघायचं, बस.

‘ब्राझील ८७ टक्के शहरी’ या आकड्यावर मात्र दोन वाक्यं जास्त खर्च करतो. ब्राझीलमध्ये शहरी हद्द कुठली ते नगरपालिका आपल्या कायद्याने ठरवते आणि पालिकेचं मुख्य ठाणं, ते कितीही लहान असलं तरी, शहरच धरतात. मिनास जेराइस राज्यातल्या सेरा दा साउदादे या आख्ख्या पालिकेत २०२२ साली ८३३ माणसं होती, तिचं ठाणंही कागदोपत्री शहर! आपल्या जनगणनेत नगरपालिका नसलेल्या गावाला शहर म्हणायला किमान ५,००० वस्ती, चौरस किलोमीटरला ४०० माणसं आणि ७५ टक्के पुरुष कामकरी शेतीबाहेर, अशा तीन अटी लागतात. या अटींमुळेच गोव्यातली कितीतरी गावं ग्रामपंचायत असूनही जनगणनेत शहर ठरली आणि २०११ साली गोवा ६२ टक्के शहरी निघाला. तेव्हा ब्राझीलचे ८७ आणि भारताचे ३१ शेजारी मांडून ‘आपण किती मागे’ असं लिहिणाऱ्यांनी आधी दोन्हीकडच्या व्याख्या वाचाव्यात. ब्राझील खरोखरच खूप शहरी देश आहे, त्यात वाद नाही. पण मधलं अंतर दिसतं तेवढं नाही.

आता मूळ मुद्दा.

बाजारमूल्य म्हणजे काय हे आज बहुतेकांना ठाऊक आहे. घरटी एक डिमॅट खातं झालंय. शेअरचा भाव गुणिले शेअरची संख्या, संपलं. एकच विनंती, त्याला ‘बाजार भांडवल’ म्हणू नका. पेपरवाले सर्रास म्हणतात आणि वाचणाऱ्याला वाटतं, एवढं भांडवल कंपनीच्या हातात आहे. कंपनीच्या हातात त्यातला एक पैसाही नसतो. बाजारातले लोक आज त्या शेअर्सची काय किंमत करतात, तेवढंच ते. भांडवल हा शब्द ताळेबंदात आधीच बसलेला आहे, त्याला दुसरीकडे ओढू नये.

माणसं अडकतात ती उलाढालीपाशी. उलाढाल मोठी म्हणजे कंपनी श्रीमंत, हे डोक्यात इतकं पक्कं बसलंय की खोडून निघत नाही.

मी लातूरच्या मार्केट यार्डातल्या काही दुकानांचे हिशेब बघतो. त्यातले एक सोयाबीनचे खरेदीदार आहेत. ४,५०० रुपये क्विंटलने घ्यायचं, ४,५७५ला तेलाच्या कारखान्याला घालायचं. त्या पंच्याहत्तरातून हमाली, तोलाई, बारदाना, ट्रकभाडं, बँकेचं व्याज. हातात राहतात वीसेक रुपये. वर्षाला ६०,००० क्विंटल माल फिरतो. खरेदीच २७ कोटींची आणि शिल्लक १२ लाख. यार्डाच्या मागच्या गल्लीत एक जण वजनकाटे बनवतो आणि दुरुस्त करतो. वर्षाची विक्री एक कोटी दहा लाख, शिल्लक २० लाख. यार्डात विचारलं तर सगळे म्हणतील खरेदीदार मोठे, आणि गाड्या, हमाल, गोडाऊन बघितलं तर ते खरंही आहे. पण उद्या दोन्ही धंदे विकायला निघाले तर काटेवाल्याला जास्त पैसे मिळतील. त्यात खरेदीदारांनी माल भरून ठेवला आणि भाव दोनशेने पडला, की वर्षभराची कमाई एका आठवड्यात जाते. काटेवाल्याला ती धास्ती नाही.

जेबीएस म्हणजे हा सोयाबीनचा खरेदीदार, फक्त जगाएवढा. १९५३ साली गोयास राज्यातल्या अनापोलिस गावात जोझे बाचिस्ता सोब्रिन्यो या माणसाने खाटिकाचं दुकान सुरू केलं. पुढे नवी राजधानी ब्राझीलिया उभी राहू लागली, तेव्हा तिथल्या बांधकाम मजुरांच्या खाणावळींना मांस पुरवता पुरवता धंदा वाढला. आज ती जगातली सर्वात मोठी मांस कंपनी आहे. (ब्राझीलमध्ये माणसांपेक्षा गुरं जास्त आहेत, २०२२ साली २३ कोटींच्या वर. त्यातली बहुतेक नेलोर जातीची किंवा तिच्या संकराची. मूळची आपल्या आंध्रातली ओंगोल गाय ती, नेल्लोरच्या नावाने तिकडे गेली.)

२०२३ साली जेबीएसची उलाढाल होती ३६४ अब्ज रेआल (रेआल हे ब्राझीलचं चलन). एक रेआल तेव्हा साधारण साडेसोळा-सतरा रुपयांना होता, म्हणजे सहा लाख कोटी रुपयांच्या आसपास. आणि नफा? नफा नव्हताच. सुमारे एक अब्ज रेआलचा तोटा होता. कारण आपल्या यार्डातलंच. कत्तलखान्याचा सर्वात मोठा खर्च म्हणजे गुरं विकत घेणं. जेबीएसचा मोठा धंदा अमेरिकेत चालतो, आणि तिथे गुरांची संख्या कित्येक दशकांतल्या नीचांकाला आली होती. गुरं महागली, पण मांसाचा भाव त्या प्रमाणात वाढवता येईना. पुढच्या वर्षी परिस्थिती सुधारली, उलाढाल ४१७ अब्ज झाली आणि नफा साडेनऊ अब्जांच्या वर गेला. तरी शंभर रेआलच्या विक्रीमागे उरले सव्वादोनच्या आसपास. आणि ते चांगलं वर्ष!

हिच्या शेजारी मी पेट्रोब्रासला बसवत नाही, डब्ल्यूईजीला बसवतो. ही कंपनी नोट्समध्ये कुणी घेत नाही याचा मला राग आहे. सांता कातारिना राज्यात जारागुआ दो सुल नावाचं गाव आहे, लोकसंख्या १.८ लाख. १९६१ साली वेर्नर, एगॉन आणि जेराल्दो या तिघांनी तिथे यंत्रं फिरवणाऱ्या विजेच्या मोटरींचा (गाड्यांचा नव्हे) कारखाना काढला. नावातली तीन अक्षरं त्यांचीच. आपल्याकडे तमिळनाडूत होसूरला तिचा कारखाना आहे. २०२३ साली तिची उलाढाल ३२.५ अब्ज रेआल, म्हणजे जेबीएसच्या अकराव्या हिश्श्याएवढी. नफा ५.७ अब्ज. शंभरामागे साडेसतरा! त्या वर्षअखेरीस जेबीएसचं बाजारमूल्य होतं सुमारे ५५ अब्ज रेआल आणि डब्ल्यूईजीचं दीडशे अब्जांच्या पुढे. माल अकरावा हिस्सा, किंमत जवळजवळ तिप्पट. उलाढालीत देशात दुसरी असलेली जेबीएस बाजारमूल्यात पहिल्या दहातही नव्हती.

हे जोडीने बघितल्यावर भाचीच्या लक्षात आलं. नुसत्या व्याख्या पाठ करून येत नव्हतं.

मग इतकी वर्षं हा फरक लोकांच्या नजरेतून का सुटतो? पेट्रोब्रासमुळे. २०२३ साली तिची उलाढाल ५१२ अब्ज रेआल, नफा १२४ अब्जांच्या वर, आणि बाजारमूल्यातही तीच पहिली. दोन्ही याद्यांच्या डोक्यावर एकच नाव दिसलं की याद्या एकच आहेत असं वाटतं. समुद्राच्या तळाखाली, मिठाच्या थराखालून येणारं तिचं तेल स्वस्तात निघतं आणि जगाच्या भावाने विकलं जातं, म्हणून मोठी उलाढाल आणि मोठा नफा एकाच ठिकाणी जमतात. असं सगळ्यांचं नसतं. याद्या तपासायच्या तर दुसऱ्या नावापासून तपासा. खनिजवाल्या व्हालीची त्या वर्षीची उलाढाल २०८ अब्ज, जेबीएसपेक्षा कितीतरी कमी, आणि बाजारमूल्य ३०० अब्जांच्या वर. लोहखनिज जमिनीतून काढायचं असतं, ते कुणा शेतकऱ्याकडून रोजच्या भावाने विकत घ्यावं लागत नाही.

बँकांचा आकडा उलाढालीच्या यादीत घालणं मला मुळीच पटत नाही. ऑगस्ट २०२२पासून वर्षभर ब्राझीलच्या मध्यवर्ती बँकेचा व्याजदर १३.७५ टक्के होता. असा दर चढला की बँकेचं व्याजाचं उत्पन्न फुगतं, पण ठेवीदारांना द्यायचं व्याजही फुगतं. इताउ त्यामुळे मोठी झाली का? तिचा नफा बघा, कर्जं बघा. मांस, तेल आणि व्याज एकाच रकान्यात मांडून क्रमांक लावण्यात काही अर्थ नाही.

बाजारमूल्यही डोळे झाकून घेऊ नये. डिसेंबर २०२१मध्ये नूबँक ही मोबाइलवरून चालणारी ब्राझीलची बँक न्यूयॉर्कच्या शेअर बाजारात उतरली. तेव्हा तिचं वय आठ वर्षांचं, आणि त्या वर्षी ती तोट्यात होती. तरीही पहिल्याच दिवशी तिचं बाजारमूल्य ४० अब्ज डॉलरच्या वर गेलं, इताउपेक्षा जास्त. सहा-सात महिन्यांत भाव निम्म्याहून खाली आला. पुढे तिने खरंच दहा कोटींवर ग्राहक जमवले आणि नफ्यातही आली. म्हणजे २०२१ साली लोकांनी जी किंमत केली ती पुढच्या दिवसांची होती, त्या दिवसाच्या धंद्याची नव्हती. बाजारमूल्य नेहमीच असं असतं, आणि ते रोज बदलतं. म्हणून तारखेशिवाय लिहिलेलं बाजारमूल्य मी वाचतही नाही.

मला स्वतःला देश समजून घ्यायला उलाढालीची यादीच जास्त आवडते. ती सांगते माणसं कुठे कामाला आहेत, गुरं आणि ट्रक कुणीकडे जातायत, कुठल्या मालकाचा शब्द शेतकऱ्याला ऐकावा लागतो. जेबीएसकडे जगभरात अडीच लाखांहून जास्त माणसं कामाला आहेत. बाजारमूल्यातून हे काहीच कळत नाही. फक्त उलाढालीच्या यादीला श्रीमंतीची यादी म्हणू नका, एवढंच माझं म्हणणं.

आणि एक गोष्ट कृपा करून थांबवा. ‘अमुक कंपनी तमुक देशाएवढी मोठी’ असं लिहिणं. देशाचं सकल उत्पादन म्हणजे वर्षभरात नव्याने निर्माण झालेलं मूल्य. बाजारमूल्य म्हणजे एका दिवसाची किंमत, ते वर्षाचं नसतंच. उलाढाल वर्षाची असते, पण तिच्यात दुसऱ्याकडून घेतलेल्या मालाची किंमतही असते. २०२३ साली ब्राझीलचं सकल उत्पादन १०,९०० अब्ज रेआलच्या आसपास होतं. जेबीएसचे ३६४ त्याने भागून ‘देशाच्या अर्थव्यवस्थेत तीन टक्के वाटा’ असं कुणी लिहिलं तर ते दोनदा चुकलेलं असतं. त्या ३६४मध्ये गुरं विकणाऱ्यांचे पैसे आहेत, आणि मोठा भाग अमेरिका, ऑस्ट्रेलिया अशा ठिकाणीच तयार केलेल्या मांसाचा आहे. तो ब्राझीलच्या उत्पादनात येतच नाही.

यावर भाचीने विचारलं, मग जेबीएसला ब्राझीलची कंपनी तरी कशी म्हणायची? प्रश्न रास्त आहे. जून २०२५पासून तिचा मुख्य शेअर न्यूयॉर्कच्या बाजारात आहे आणि मूळ कंपनीची नोंद नेदरलँड्समध्ये. नियंत्रण अजून बाचिस्ता कुटुंबाकडेच आहे, आणि सर्वात जास्त कामगार ब्राझीलमध्येच. तिने वहीत जेबीएसपुढे ‘उलाढाल, २०२३’ असं लिहिलं आणि देशाच्या रकान्यात पेन्सिलने एक प्रश्नचिन्ह काढलं. मी ते खोडायला सांगितलं नाही.